किलोच्या नियमाविरुद्ध माझी हरकत

ते पत्र मी लिहिले नाही, हे आरंभीच नमूद करतो. लिहिण्याचा आदेश मात्र मला मिळाला होता, आणि आदेश देणाऱ्याचा अधिकार मला मान्य होता.

आमचा कारखाना भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. लोखंड वितळवायचे, वाळूच्या साच्यात ओतायचे, थंड झाल्यावर घासून साफ करायचे आणि ग्राहकाला पाठवायचे, हा धंदा. मी तेथे पत्रव्यवहार, कामगारांची कागदपत्रे आणि खर्चाचे तक्ते पाहतो. साठी उलटल्यावर रीतसर निवृत्त झालो आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षावर्षाच्या करारावर त्याच खुर्चीत बसू लागलो. कामगार मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही. कायद्याच्या संध्याकाळच्या वर्गांना दोन वर्षे गेलो, तिसऱ्या वर्षी वडील कामाला होते ती कंपनी बंद पडली आणि माझे शिक्षणही बंद पडले. राहिली ती सवय: जे म्हणायचे ते लेखी म्हणायचे. रहाटणीत आमच्या गल्लीतले गटार, न थांबणारी बस, सोसायटीच्या सभेचे न लिहिलेले इतिवृत्त, ह्या सर्वांवर माझी पत्रे गेलेली आहेत आणि त्यांच्या पोचपावत्या माझ्या कपाटात आहेत.

कारखान्याच्या शेडचे दोन भाग आहेत. डावीकडे जमिनीवर हाताने साचे घालतात. तेथे उसाच्या रसाच्या चरकाची जड चाके आणि लाटा, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, ओतले जातात. हे काम चौदा जण करतात आणि त्यांचा बहुतेक माल नगरकडच्या एकाच ग्राहकाला जातो. तो चरक बनवतो, म्हणून आम्ही त्याला चरकवाले म्हणतो. उजवीकडे मशीनवर साचे पडतात आणि मुठीत मावतील असे हलके भाग निघतात. ते चाकणच्या एका मोठ्या कंपनीला जातात. त्या कंपनीने दिलेले मान्यताप्राप्त पुरवठादाराचे प्रमाणपत्र मालकांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत लावलेले आहे.

त्या सोमवारी सकाळी मालकांचा फोन आला, “काका, चरकवाल्यांना आज एक पत्र जाईल.” मी सवयीप्रमाणे जावक वही उघडली, क्रमांक घातला, चरकवाल्यांचे नाव लिहिले आणि विषयाची जागा मोकळी सोडली. मालक अकराला आले. चाळिशीतला गृहस्थ, वडिलांच्या पश्चात कारखाना सांभाळणारा, मनाने वाईट नाही.

“लिहा,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यापासून माल देता येणार नाही. गोड भाषेत लिहा, माणूस जुना आहे.”

“कारण काय लिहू?”

“परवडत नाही. तुमचाच तक्ता आहे ना, बघा की. चरकवाले लाल, चाकण हिरवं.”

तक्ता माझाच होता. दर महिन्याला मीच करीत असे.

“आणि जमिनीवरचे चौदा जण?”

“दोघं-तिघं मशीनवर घेऊ. बाकीच्यांचं कायद्याप्रमाणे देऊन टाकू, काका. तुम्ही आहातच की त्यासाठी.”

त्यांनी हे सहज म्हटले. परंतु माझी कानशिले तापली. वडिलांची कंपनी बंद झाली तेव्हा फाटकावर इंग्रजीत एक कागद चिकटवला होता. वडिलांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी तो कागद दुसऱ्याकडून उतरवून आणला आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयात मी त्यांना तो वाचून दाखवला. त्यात कारण म्हणून एकच शब्द होता, नुकसान. ते नुकसान कोणी मोजले, कशाने मोजले, ज्यांच्या माथी मारले त्यांना विचारले का, ह्याविषयी एक ओळ नव्हती. वडील म्हणाले होते, “अर्ज कर.” मी केला. उत्तर आले नाही. आता तसाच कागद माझ्या हाताने, माझ्या चांगल्या मराठीत निघणार होता.

मी पेनाचे टोपण लावले. “साहेब, मला एक महिना द्या. ज्याला काढायचे, त्याच्यावरचा आरोप मला तपासायचा आहे.”

“आरोप कसला? आकडे आहेत.”

“आकडे म्हणजे फिर्यादीचे म्हणणे. पुरावा अजून व्हायचा आहे.”

ते हसले. “एक महिना. पण महिन्याने पत्र जाणार, काका.”

जावक वहीत खाडाखोड करायची नाही, हा माझा नियम आहे. ती ओळ तशीच राहिली, क्रमांक आणि नाव असलेली, विषय नसलेली.

माझा तक्ता कसा होत असे, ते सांगणे आवश्यक आहे. ओतकामाच्या धंद्यात सगळे किलोत बोलतात. भाव किलोवर, मजुरी किलोवर, फुशारकीही किलोवर. सोयरिकीच्या बैठकीत मुलाचा कारखाना महिन्याला किती टन ओततो, हे विचारलेले मी ऐकले आहे. त्याच रीतीने आम्ही तपासनीस, ऑफिस, गाडी, फोन, घासणारी माणसे असा कारखान्याचा सगळा इतर खर्च एकत्र करून ओतलेल्या वजनावर वाटत होतो. ज्याचा माल जड, त्याच्यावर खर्च जड. चरकाचे एक चाक दोन माणसांनी उचलावे लागते. साहजिकच सर्वाधिक खर्च त्याच्या नावावर चढत होता. तो खर्च चाकामुळे होतो का, हे कोणी विचारलेले नव्हते.

मी एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचे ठरवले: तू कोणामुळे उद्भवलेस? धातू आणि वीज मी किलोवरच ठेवली, कारण भट्टी वजन वितळवते, तिला ग्राहकाचे नाव ठाऊक नसते. बाकीच्यांनी मात्र साक्षीला यावे.

पहिली साक्ष मोल्डिंगच्या मिस्त्रींची. ते मोशीचे, जुन्या गावकीतले. पंचवीस वर्षे जमिनीवर उकिडवे बसून साचे घालताहेत.

“मिस्त्री, चरकाच्या चाकाचा लाकडी नमुना शेवटचा कधी बदलला?”

“बदलला? आवो वकीलसायेब, त्यो नमुना माज्या लग्नात व्हता. लगीन मोडंल, नमुना न्हाई मोडायचा.”

“आणि पलीकडे, मशीनवर?”

“तकडं दिसाला चार-चार डाव बदलत्यात. एक प्लेट काढायची, दुसरी बसवायची, पयला पीस टाकायचा, सायेबानी भिंगातून बगायचा. तवर सा मान्सं तंबाखू मळत्यात. आमी हितनं बगतो ना.” मग वहीकडे हनुवटी करून म्हणाले, “आन् ह्ये लिवून काय व्हनार हाय?”

“ज्या मूर्खाने हा किलोचा नियम केला, त्याला जाब विचारणार आहे.”

“कोन हाय त्यो?”

“शोधतो,” मी म्हणालो.

मी घड्याळ घेऊन मशीनजवळ उभा राहिलो. ज्या प्लेटवर भागाचा नमुना बसवलेला असतो, तिच्या एका बदलात जवळपास तास जात होता. चाकणहून येणारी मागणी तुकड्यातुकड्यांनी येत असे: आज ह्या भागाचे दोनशे, दुपारी त्या भागाचे दीडशे, उद्या पुन्हा पहिल्याचे शंभर. प्रत्येक तुकड्याला एक बदल. हलका भाग म्हणून त्याच्यावर खर्च नाममात्र चढे, आणि त्याच्यासाठी थांबलेल्या सहा माणसांचा तास चाकाच्या पाठीवर जाऊन बसे.

दुसरी साक्ष डिस्पॅचच्या ताईंची. त्या पिंपरीहून बसने येतात, माल पाठवणे आणि फोन घेणे ही दोन्ही कामे करतात, आणि फोन खाली ठेवल्यावर ज्या शब्दांत उसासा टाकतात ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. मी त्यांना विनंती केली की, पंधरा दिवस प्रत्येक फोनची एक रेघ मारावी, ग्राहकाच्या नावापुढे.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “सर, चाकणसाठी दुसरं पान द्या.”

“आणि चरकवाले?”

“एकच रेघ. तीपण ‘ताई, लेकीचं कसं चाललंय’ म्हणून होती. ती धरू?”

“धरा. फोन तो फोन.”

तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः चाकणला गेलो. कंपनीच्या गोदामात एका भागाच्या कडेला घासायचा राहिलेला बारीक कंगोरा सापडला होता. फोन आला: माणसे पाठवा, सगळा माल निवडून द्या, नाहीतर आमची जुळणीची लाइन थांबेल आणि थांबलेल्या मिनिटांचे पैसे तुमच्या बिलातून जातील. आमच्या टेम्पोत दोन घासणारे आणि मी बसलो. मोशीच्या पुढे वाहने हलेनात. दोन तासांनी पोहोचलो, फाटकावर सुरक्षेचे बूट आणि पास ह्यांसाठी पाऊण तास उभे राहिलो. मग ते दोघे एका पत्र्याखाली बसून एकेक भाग बोटाने चाचपू लागले. संध्याकाळी असे कळले की, कंगोरा असलेले भाग एका पेटीत होते. चाचपल्या मात्र चाळीस पेट्या, आणि ओव्हरटाइम आमचा.

मी तिथल्या अधिकाऱ्याला विचारले, “ह्या निवडीचे काम आम्ही कोणत्या कराराखाली करतो?”

तो तरुण, सभ्य होता. “सर, सगळे व्हेंडर करतात. कुणी कधी विचारलं नाही.”

हे वाक्य मी शब्दशः उतरवून घेतले. त्यात कंपनीचा गुन्हा नव्हता. ती मागत होती, कारण मागणे फुकट होते.

येथे मला माझ्या अशिलाविरुद्धचा पुरावाही मांडला पाहिजे. चरकवाले त्याच महिन्यात एकदा न कळवता आले. एसटीतून उतरले, गोणपाटात मोडके चाक, खांद्यावर घेऊन. “ह्याच्यासारखंच करा, पण दोन सूत जाड,” एवढाच त्यांचा नकाशा. मिस्त्रींशी बोलत अर्धा दिवस बसले. त्या अर्ध्या दिवसात मिस्त्रींनी एकही साचा घातला नाही. शिवाय चरकवाल्यांचे पैसे रसाचा हंगाम उतरल्यावर येतात. हे सर्व मी वहीत लिहिले. मिस्त्री रागावले.

“मान्सानं च्या घेतला त्योबी लिवला?”

“लिहिला.”

“मंग तुमी कोनाचं वकील, राव?”

“वहीचा,” मी म्हणालो. परंतु ते अर्धसत्य होते. ती चौदा माणसे उभी राहावीत अशी माझी इच्छा होती आणि म्हणूनच त्यांच्या बाजूचा एकही दोष लपवणे मला परवडणारे नव्हते. लपवलेला दोष उलटतपासणीत सापडला, तर खरी गोष्टही खोटी ठरते.

मग बेरजा. प्लेट बदलण्यात महिन्याभरात जेवढी मजुरी आणि मशीनचा वेळ गेला, त्याला बदलांच्या संख्येने भागले. एका बदलाची किंमत निघाली. गाडी आणि निवडीच्या माणसांच्या खर्चाला फेऱ्यांनी भागले. एका फेरीची किंमत निघाली. तपासणी तशीच, कागदपत्रे तशीच, मिस्त्रींचा अर्धा दिवससुद्धा तसाच. नंतर ज्याने जितके बदल, फेऱ्या, तपासण्या घडवल्या, तितक्या त्याच्या नावावर लिहिल्या. लाल आणि हिरवा ह्यांनी जागा बदलल्या. चरकवाल्यांकडे, त्यांचा चहा धरूनही, बऱ्यापैकी उरत होते. चाकणकडे आम्ही प्रत्येक पेटीबरोबर पदरचे घालत होतो, आणि तो पदर चरकवाल्यांचा होता.

आता राहिला तो मूर्ख. त्याला मी खरोखरच शोधले. ऑफिसच्या माळ्यावर जुन्या फायली आहेत. एका शनिवारी शिडी लावून चढलो. तिसऱ्या गठ्ठ्यात सापडला तो कागद: ‘यापुढे कारखान्याचा सर्व इतर खर्च ओतलेल्या मालाच्या वजनाच्या प्रमाणात प्रत्येक ग्राहकावर आकारण्यात यावा.’ टंकलिखित, निर्दोष वाक्य. एकही शब्द जास्त नाही. खाली मोठ्या मालकांची, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांची, मंजुरी आणि मसुदा करणाऱ्याची सही.

सही माझी होती.

मी कागदावरची तारीख पाहिली. त्या काळी शेडला डावी-उजवी बाजू नव्हती. सगळाच माल जड, सगळाच जमिनीवरचा, ग्राहक चार आणि चौघांची रीत सारखी. तेव्हा तो नियम न्याय्य होता. पुढे मशीन आले, चाकण आले, भाग मुठीएवढे झाले, आणि नियम तसाच राहिला, कारण तो लिहिणारा माणूस दुसऱ्यांना पत्रे लिहिण्यात गुंतलेला होता. रहाटणीच्या गटाराची तारीखवार नोंद ठेवणाऱ्याने स्वतःच्या परिपत्रकाकडे वळून पाहिले नव्हते.

घरी मी बायकोला सांगितले. ती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“मग आता स्वतःला नोटीस पाठवा. रजिस्टर करा, नाहीतर घेणार नाही तुम्ही.”

मी उठलो आणि खरोखरच लिहायला बसलो.

महिना संपला त्या सोमवारी मी मालकांपुढे तीन गोष्टी ठेवल्या: वही, नवा तक्ता आणि माझ्या सहीचा तो जुना कागद. कागद सर्वांत वर ठेवला.

त्यांनी तो वाचला. “हे तुम्हीच केलेलं?”

“होय. आणि मीच हरकत घेत आहे. लेखी जोडली आहे, शेवटचे पान.”

त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवले. “म्हणजे चाकण आपल्याला लुटतं?”

“नाही. ते मागतात आणि आपण बिल न लावता देतो. ह्याला लूट म्हणता येणार नाही.”

“हे मी ऐकलंय कुठेतरी.” त्यांनी मागच्या कपाटावरून मिठाईच्या रिकाम्या खोक्याखालची एक चकचकीत फाइल काढली. “सेमिनारला गेलो होतो. ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग. खर्च ज्याच्या कामामुळे, त्याच्याच नावावर. दोन दिवस.”

“मग?”

“मग काय, जेवण चांगलं होतं.”

ते हसले, मी हसलो नाही. मग तेही गंभीर झाले. त्यांची अडचण खरी होती. चाकणचे प्रमाणपत्र दाखवून त्यांनी बँकेकडून मशीनसाठी कर्ज घेतले होते. “दर मागितला आणि ते निघून गेले तर? मग चौदा नाही, कारखान्यातले सगळे चाळीस घरी बसतील, काका.”

मी वही मिटली. “साहेब, ते जातील की राहतील हे मला ठाऊक नाही. पण चरकवाल्यांना आज काढलेत, तर चाकणचा तोटा भरून काढणारा कोणी उरणार नाही. मग चाळीस जण नक्की बसतील, फक्त थोडे उशिरा. मी चाकणला पत्र लिहितो. धमकी नाही, फक्त दरपत्रक. एका वेळी अमुकपेक्षा कमी नग मागवल्यास प्लेट बदलण्याचा आकार. निवडीसाठी माणसे बोलावल्यास फेरीचा आकार.”

“आणि जमिनीवरचे?”

“आज निर्णय नको. सहा महिने ह्या पद्धतीने मोजू, आणि काढायचे ठरले तर आधी त्यांचे म्हणणे ऐकू. हे मला लेखी हवे.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे. म्हणूनच सही मागतो. माझ्या सहीवर मीही विश्वास ठेवला होता, बघा काय झाले.”

त्यांनी सही केली. पेन जरा जोराने टेकवला.

चाकणला पत्र गेले. पंधरा दिवस शांतता होती आणि त्या पंधरा दिवसांत मालक माझ्याशी कामापुरतेच बोलले. मग ताईंना फोन आला, आवाज चढलेला होता, मग मालकांना बोलावणे आले. फेरीचा आकार कंपनीने मान्य केला नाही; आम्ही तो पत्रातून काढलाही नाही. पण पुढच्या वेळी कंगोरा सापडला, तेव्हा त्यांनी चाळीस पेट्यांऐवजी ती एकच पेटी परत पाठवली. मागण्याही आता पंधरवड्याच्या एकत्र येतात, बहुतेक वेळा. किंमत लावताच तातडी उतरली. आमच्याकडे पैसे फार आले असे नाही. मशीनजवळचे तंबाखू मळणे मात्र कमी झाले.

चाकणकडून मालक परतले त्या संध्याकाळी मी जावक वही उघडली. ती ओळ महिनाभराहून अधिक काळ तशीच होती, वर आणि खाली तारखा पुढे गेलेल्या. क्रमांक खोडता येत नव्हता आणि मला तो खोडायचाही नव्हता. मी मोकळ्या जागेत विषय लिहिला: चाकांचा पुरवठा पूर्ववत चालू ठेवण्याबाबत; तसेच नकाशा, भेटीची पूर्वसूचना आणि वेळेवर देयक ह्यांविषयी विनंती. शेऱ्याच्या रकान्यात पत्राला झालेल्या विलंबाचे कारण लिहिले आणि जबाबदारी म्हणून स्वतःचे पद घातले.

मिस्त्री दारात उभे होते. हात कोपरापर्यंत काळे. त्यांना वाचता येते, पण त्यांनी मलाच वाचायला लावले.

“आन् आमचं?”

“सहा महिने. मग पुन्हा मोजणी. तेव्हा तुम्हालाही विचारणार, हे लेखी आहे.”

“सा म्हयनंच?”

“सहा महिनेच. कोणाचीच खात्री मी देत नाही, मिस्त्री. चरकवाल्यांनी पैसे असेच उशिरा दिले, तर तेही लिहिणार.”

“लिवा. तुमी कुटं ऱ्हाताय लिवल्याबिगर.” त्यांनी वहीतल्या ओळीकडे एकदा पाहिले. “त्यो मूर्ख घावला का?”

“सापडला. नोटीस दिली आहे.”

“घेतली त्यानं?”

“घेतली.”

त्यांनी मान हलवली आणि शेडकडे वळले. चाके दुसऱ्या दिवशीच्या भट्टीला ओतायची होती, आणि साच्याची वाळू आदल्या संध्याकाळी भिजवावी लागते. त्यांनी आत हाक दिली, “ए, पानी सोडा रं वाळूवर,” आणि मी पत्राचे पाकीट बंद केले.